वरच्या दहा टक्क्यांत

आमच्या घरी कौतुक व्हायचं ते आंब्यांचं. माणसांचं नाही. मला पुण्यात इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला त्या दिवशी वडिलांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "बघू, टिकतोस का." त्याच आठवड्यात त्यांनी ओळखीच्या बारा घरी पेढे वाटले होते. हे मला कळलं ते त्यांच्या तेराव्याला, शेजारच्या काकूंकडून. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तोंडावर स्तुती केली की मूल शेफारतं, हे आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेचा फोन आला. "काका, अठरा वर्षं पॉलिटेक्निकमध्ये शिकवलंत, तुमच्या यशस्वी विद्यार्थ्यांबद्दल लिहा ना." यशस्वी विद्यार्थी आहेत, चिकार आहेत. त्यांच्याबद्दल ते स्वतःच इंटरनेटवर भरभरून लिहीत असतात, त्यांना माझी गरज नाही. मी लिहिणार आहे एका मुलीबद्दल, जिचं मी नुकसान केलं. दिवाळीच्या अंकात हे चालत नसेल तर संपादिकेने या चार पानांत खुशाल चकल्यांची पाककृती छापावी.

आधी धंदा समजावून सांगतो. सिंगापुरात दहावीनंतर मुलांना वाटा फुटतात. साधारणपणे ज्यांचे गुण भरघोस ती ज्युनियर कॉलेजात, तिथून सरळ विद्यापीठात. दुसरी वाट पॉलिटेक्निकची, तीन वर्षांचा डिप्लोमा. तिसरी वाट आपल्या आयटीआयसारख्या संस्थेची. या वाटा मध्येच बंद होत नाहीत, ही इथली चांगली गोष्ट. आयटीआयवाल्याला पॉलीत येता येतं, पॉलीवाल्याला विद्यापीठात जाता येतं. दार असतं. फक्त पुढचं प्रत्येक दार आधीच्यापेक्षा अरुंद असतं, आणि पॉलीतून विद्यापीठात जाताना तर चांगलंच अंग चोरावं लागतं.

आपल्या मंडळींचं या पॉलीबद्दल काय मत आहे, ते मला गणपतीत दरवर्षी कळायचं. एकदा कॉन्डोत, म्हणजे महागड्या खासगी सोसायटीत, राहणारे एक मॅनेजर मला प्रसादाच्या रांगेतून बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पोरगं म्हणतंय पॉलीला जातो. डिप्लोमा करणार! तुम्ही जरा समजावा त्याला." म्हणजे ज्या दुकानात मी नोकरी करतो, तिथला माल घेऊ नकोस, हे मीच त्याला सांगायचं. मी म्हटलं, "समजावतो," आणि मुलाला म्हटलं, "ये." तो आला, शिकला, आणि बापाने पुढच्या गणपतीत मला ओळख दाखवली नाही.

माझं काम प्रयोगशाळेत असायचं. प्रयोगशाळा म्हणजे परीक्षानळ्या नव्हेत. तीन मजली उंच लोखंडी सांगाडा, त्यात एक ऊर्ध्वपातनाचा स्तंभ, खाली तापवणारं भांडं, वर वाफ थंड करणारं, मधे पंप आणि शंभरेक व्हॉल्व्ह. अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण आत सोडायचं आणि दोन्ही वेगळी काढायची. जुरोंग आयलंड या बेटावरच्या तेल-रसायनांच्या कारखान्यांत हेच चालतं, फक्त तिथे चूक झाली तर माणसं मरतात. मी स्वतः त्या बेटावर दहा वर्षं काढून मग शिकवायला आलो होतो. त्यामुळे मी खडूस होतो. मुलं मला खडूस म्हणत नसत, कारण त्यांना तो शब्द माहीत नव्हता, पण त्यांच्याकडे त्यांचा काहीतरी शब्द असणारच.

नादिया दोन हजार दहा-अकराच्या सुमारास माझ्या वर्गात आली. मलय मुलगी, तोआ पायोहला राहणारी, आयटीआयची दोन वर्षं करून आलेली, त्यामुळे वर्गातल्या इतरांपेक्षा वयाने मोठी. पहिल्या सत्रात गणितात सपशेल आपटली. आपटणारच. जे गणित बाकीच्यांनी शाळेत केलं होतं, ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची आणि बस म्हटल्याशिवाय बसायची नाही. मी शिकवत गेलो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी लॉगॅरिदम तिच्या हातात लाटण्यासारखे फिरायला लागले.

तिचे वडील जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. एकदा मी तिला विचारलं, पुढे काय करायचंय. (आमचं बोलणं अर्थात सिंगापुरी इंग्रजीत. इथे मराठीत देतो.) ती म्हणाली, "सर, अबाह रोज इंजिनियर लोकांना बेटावर नेतात. म्हणतात, सगळे मागे झोपलेले असतात. मलाही इंजिनियर होऊन तिथे झोपायचंय." अबाह म्हणजे बाबा. मग हसून म्हणाली, "त्यांच्याच बसमध्ये लाह. दुसऱ्या नाही." (लाह हे इथल्या बोलण्याचं शेपूट, आपल्या 'ना'सारखं.) बेटावर इंजिनियर व्हायचं तर पदवी लागते. डिप्लोमावाला टेक्निशियन होतो, शिफ्टमध्ये व्हॉल्व्ह फिरवतो, आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो. तिला हे माहीत होतं आणि मलाही.

तिसऱ्या वर्षातला एक दिवस सांगतो. स्तंभ चालू होता, आणि एका पंपाच्या पुढचा दाबाचा काटा थरथरायला लागला. पाच जणांचा गट. चौघं पंपाच्या पुढच्या बाजूला धावले, कारण काटा तिथे होता. काटा जिथे हलतो तिथे बिघाड असतो, असं नवशिक्याला वाटतं. नादिया धावली नाही. तिने पंपाच्या अंगावर पालथा हात ठेवला, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो, आणि म्हणाली, "आत खडे फिरतायत." आत खडे वगैरे काही नसतात. पंपाला ओढायला पुरेसा द्रव मिळाला नाही की आत बुडबुडे होतात, फुटतात, आणि तसा आवाज येतो. जिथून द्रव पंपात येतो त्या मागच्या बाजूला ती गेली, तिथली गाळणीची जाळी उघडायची परवानगी मागितली. जाळी गाळाने बुजली होती. हे मी बेटावर चार वर्षांनी शिकलो होतो, आणि तेही एक पंप जाळून.

मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "हं. बरं आहे."

माझ्या लेखी ही तोफांची सलामी होती. त्या दिवशी घरी जाऊन मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोला, मी तासभर त्या मुलीबद्दल सांगत होतो. मंजिरी नागपूरची. तिकडे माणसं पाहुण्याचं, पोह्यांचं, पोरांचं सगळ्यांचं मोकळेपणाने कौतुक करतात आणि कुणी शेफारत नाही. तिने विचारलं, "हे तिला सांगितलंत?" मी म्हटलं, "तिला कळतं."

विद्यापीठाचे अर्ज सुटले. केमिकल इंजिनियरिंगला पॉलीतून येणाऱ्यांना जागा मोजक्या. नादियाचे एकूण गुण पहिल्या सत्रामुळे काठावर होते, म्हणजे सगळी भिस्त दोन गोष्टींवर: शिक्षकाचं शिफारसपत्र आणि मुलाखत. ती माझ्याकडे आली. शेजारच्या टेबलावर माझा सहकारी लिम बसायचा, सज्जन माणूस, जिभेवर साखर. तो म्हणाला, "नादिया, मी देतो ना पत्र." ती म्हणाली, "थँक यू, मिस्टर लिम, पण मला सरांचं हवंय. सर उगाच काही लिहीत नाहीत."

मला तेव्हा किती बरं वाटलं, काय सांगू.

मी ते पत्र तीन संध्याकाळी खपून लिहिलं. एकेक शब्द तोलून. इंग्रजीत होतं, मराठीत सांगायचं तर असं: 'नादिया ही प्रामाणिक विद्यार्थिनी आहे. तिचं प्रयोगशाळेतलं काम भरवशाचं आहे. मी शिकवलेल्या चांगल्या विद्यार्थ्यांपैकी ती एक आहे. मेहनत केल्यास ती पदवी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल.' सोबत एक फॉर्म होता. त्यात चौकटी होत्या: हा विद्यार्थी वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत, पंचवीस टक्क्यांत. मी दहाच्या चौकटीत खूण केली. पाचावर खूण करायला लेखणी उचलली होती, खोटं नाही सांगत, पण मनात आलं, निवृत्तीपर्यंत आणखी कुणी आलं तर त्याला काय देणार? एक टक्क्याची चौकट तर मी अजून न जन्मलेल्या माणसासाठी राखून ठेवली होती. खाली एक रकाना होता, सुधारणेस वाव कुठे आहे. लिम तिथे म्हणे दरवर्षी लिहायचा, 'फारच जास्त कष्ट करतो.' मी लिहिलं, 'गणिताचा पाया कच्चा होता, आता सुधारला आहे.' खरं होतं ते. सगळंच खरं होतं.

मंजिरीने मसुदा वाचला आणि म्हणाली, "अहो, हे शिफारसपत्र आहे की भाड्याच्या फ्लॅटची पाहणी? नळ बरे आहेत, भिंतीला थोडी ओल आहे?" मी म्हटलं, "तुला कळत नाही. ही मोठमोठी प्राध्यापक मंडळी असतात. त्यांना वाह्यात विशेषणं चालत नाहीत." शहाण्याला शब्दाचा मार, वगैरे मी तिला बरंच ऐकवलं.

नादियाची मुलाखत झाली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कशी झाली?" ती म्हणाली, "ओके, सर." माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मला वाटलं, दमली असेल. महिन्याभराने निकाल आला, नाही म्हणून. त्याच वर्षी लिमच्या पत्रावर वेई लुन नावाचा मुलगा आत गेला. हा मुलगा वातानुकूलित हवेसाठी वर्गात येतो असा माझा तीन वर्षांचा दाट संशय होता. लिमने लिहिलं होतं, माझ्या आयुष्यातला सर्वांत अलौकिक विद्यार्थी. असे अलौकिक तो दरवर्षी सहा-सात काढायचा. मी कपाळाला आठ्या घातल्या, जगाला नावं ठेवली, आणि नादियाला म्हटलं, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर."

"बघू, सर," ती म्हणाली.

तिने अर्ज केला नाही. बेटावरच्या एका कारखान्यात टेक्निशियन म्हणून लागली. एक-दोन वर्षं ईदला मेसेज आला, मग तोही थांबला. मी मनाशी म्हटलं, चिकाटी कमी पडली पोरीची. लाज वाटते हे लिहायला, पण म्हटलं खरं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमच्या विभागाने मला आयटीआयकडून येणाऱ्या मुलांच्या अर्जांच्या छाननीवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पत्रं लिहिण्याच्या नव्हे, वाचण्याच्या बाजूला बसलो. टेबलावर पन्नासेक पत्रं. सगळे अलौकिक. सगळे वरच्या एक टक्क्यात. कुणी म्हणे शिक्षकालाच शिकवून गेला. मला हसू येत होतं. माझ्याबरोबर फैझल नावाचा तरुण सहकारी होता, हुशार, भरभर वाचणारा. त्याने एक पत्र वाचलं आणि नकाराच्या गठ्ठ्यावर ठेवलं. मी उचलून बघितलं. 'प्रामाणिक. काम भरवशाचं. अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल.' दहा टक्के.

मी म्हटलं, "हे बाजूला का? हे तर एकच पत्र खरं वाटतंय."

फैझल म्हणाला, "सर, हे शिक्षकाने सभ्य भाषेत नको म्हटलंय. सगळे तसंच वाचतात."

"सगळे?"

"सगळे, सर. असं पत्र देण्यापेक्षा न दिलेलं बरं."

मी ते पत्र नकारातून काढलं, त्या मुलाला मुलाखतीला बोलावायला लावलं, तो चांगला निघाला, ते सगळं झालं. पण त्या दिवशी मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही. मंजिरीला सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगा तरी तिला."

"आता काय सांगू? वरातीमागून घोडं."

"घोडं तर घोडं," ती म्हणाली. "जा."

नंबर शोधायला आठवडा गेला, आणि तो लावायला दुसरा आठवडा. नादियाने लगेच ओळखलं. शनिवारी दुपारी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या ठेल्यांच्या आवारात, भेटायचं ठरलं. ती आली, तब्येतीने थोडी भरलेली, हिजाब घातलेली, चालण्यात आता एक ठामपणा. सात वर्षं शिफ्टमध्ये काम करत होती. हाताखाली चार पोरं होती. माझ्यासाठी चहा घेऊन आली, आणि मी बस म्हणायची वाट न बघता बसली. मला ते आवडलं.

मी सरळ मुद्द्यावर आलो. सांगितलं की मी तुझ्यासाठी जे पत्र लिहिलं त्यात मोठी चूक झाली. आमच्याकडे चांगल्याला बरं म्हणतात, तसं मी लिहिलं, आणि ज्यांनी वाचलं त्यांना ते वेगळंच कळलं.

ती चहाच्या पेल्याकडे बघत होती. म्हणाली, "मला माहीत आहे पत्रात काय होतं, सर."

पत्र गोपनीय होतं. मी विचारलं, "कसं?"

"मुलाखतीत त्यांनी वाचून दाखवलं. ते प्राध्यापक चांगले होते, वाईट बोलले नाहीत. म्हणाले, तुझे सर म्हणतात, मेहनत केलीस तर पूर्ण करू शकशील. दहा टक्क्यांत ठेवलंय. तुला स्वतःला काय वाटतं, जमेल?" ती थांबली. "मी घरून उत्तर पाठ करून गेले होते. हो, जमेल, का जमेल, सगळं. पंपाची गोष्टही सांगणार होते. पण मला वाटलं, सर तीन वर्षं मला बघतायत. त्यांना खात्री नाही, तर मी कशी म्हणू? मी म्हटलं, आय ॲम नॉट शुअर."

गेले काही आठवडे मी समजत होतो की पत्राने तिची जागा घालवली. पत्राने त्याआधीच काहीतरी घालवलं होतं.

मी म्हटलं, "नादिया, इतक्या वर्षांत मी शिकवलेल्या मुलांत तू सगळ्यांत चांगली होतीस. पहिली. तुझ्या जवळपास कुणी नव्हतं." हे मी आयुष्यात कुणाला पहिल्यांदाच म्हणत होतो, आणि मला ते नीट म्हणताही आलं नाही, आवाज फाटला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून बघितलं.

नादियाने डोळे पुसले नाहीत, ते भरलेही नसावेत. मग म्हणाली, "तेव्हा सांगायचं ना, सर."

मी म्हटलं, अजून करता येईल, नोकरी सांभाळून पदवी करता येते, मी पत्र देतो, हवं तसं देतो, रोज येऊन गणित शिकवतो. ती ऐकून घेत होती, जसं आपण म्हाताऱ्यांचं ऐकून घेतो. तिला तीन वर्षांची मुलगी होती. नवराही शिफ्टमध्ये. "नको, सर," ती म्हणाली. "आता रविवारी झोप मिळाली तरी मला पुष्कळ वाटतं." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

निघताना मात्र ती म्हणाली, "सर, एक कराल? अबाह इथेच ब्लॉकखाली बसलेले असतात. आता निवृत्त झालेत. जे मला सांगितलंत, ते त्यांना सांगाल?"

आम्ही चालत गेलो. इथल्या सरकारी घरांच्या इमारतींना तळमजला नसतो, नुसते खांब आणि मोकळी जागा असते. तिथे दगडी बाकावर दोघं म्हातारे सोंगट्यांसारखा काहीतरी खेळ खेळत होते. नादियाने ओळख करून दिली. वडील झटकन उठले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मग आपला हात छातीला लावला. "चिकगू," म्हणाले. मलयमध्ये शिक्षकाला असं म्हणतात. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे असतील.

मी त्यांना सांगितलं. तुमची मुलगी माझ्या सगळ्या नोकरीतली सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. या वेळी नीट सांगितलं, पंपावर ठेवलेल्या हातासकट. ते ऐकताना त्यांची मान हळूहळू वर येत गेली. शेजारचा म्हातारा खेळ थांबवून ऐकत होता, आणि यांनी त्याच्याकडे एकदा वळून बघितलं, ऐकतोयस ना, अशा अर्थाने. मग क्षणभर विचार करून त्यांनी मला विचारलं, "चिकगू, तेव्हा पत्रात पण तुम्ही असंच लिहिलं होतं?"

मी तोंड उघडलं. मला खरं सांगायचं होतं. त्याच्यासाठीच तर मी आलो होतो.

माझ्याआधी नादियाच बोलली. "असंच लिहिलं होतं, अबाह. जागाच कमी होत्या त्या वर्षी."

"हां," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले, मी हो म्हणायची वाट बघत.

मी हो म्हटलं.